दाढी करणाऱ्या जवानाची हक्कनिश्चिती

फोटो म्हटला की त्यात तीन माणसं येतात: काढणारा, निघालेला आणि बघणारा. बघणारे मोजता येत नाहीत, म्हणून कायदा त्यांच्या नादी लागत नाही. निघालेला माणूस बहुधा योगायोगानेच तिथे उभा असतो, तेव्हा त्याचाही विचार करण्याचं कारण नाही. राहिला काढणारा. बोट ज्याचं, फोटो त्याचा, हे तत्त्व ज्याने कोणी शोधून काढलं त्याला माझा साष्टांग नमस्कार, कारण त्याच्या जिवावर आमचा कक्ष अकरा वर्षं उभा आहे.

कक्षाचं पूर्ण नाव लष्करी छायाचित्र हक्कनिश्चिती कक्ष. तिसरा मजला, बंद लिफ्टच्या समोर. मंजूर पदं नऊ, भरलेली सहा, खुर्च्या पाच. (सहावा माणूस कायम दौऱ्यावर असतो. कुठे, ते दौऱ्याच्या वहीत लिहिलेलं आहे आणि वही त्याच्यापाशी आहे.) मी तिथे वरिष्ठ सहाय्यक आहे. कक्षाविषयी बाहेर बरंच वाईटसाईट बोललं जातं, पण बोलणाऱ्यांपैकी एकानेही आमचा एक्केचाळीस रकान्यांचा फॉर्म भरून पाहिलेला नाही.

काम तसं सोपं. लोक हल्ली इंटरनेटवर रणगाडा दिसला की टाक, हेलिकॉप्टर दिसलं की टाक, असा सपाटा लावतात. तो फोटो कोणाच्या मालकीचा, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आम्ही तेवढ्यासाठीच पगार घेतो. नियम असा की, सैनिकाने कामावर असताना कामाचा भाग म्हणून फोटो काढला तर तो सगळ्या जनतेचा. फावल्या वेळात काढला तर त्याचा स्वतःचा. वार्ताहराने काढला तर त्याच्या वर्तमानपत्राचा. आणि कोणी काढला हेच कळत नसेल, तर निकाल लागेपर्यंत त्या फोटोवर करडी पट्टी. एखाद्या पानावर तीन पट्ट्या पडल्या की ते पान आपोआप बंद होतं. हे सगळं यंत्र करतं. गणवेशाचा तुकडा दिसला रे दिसला की पट्टी टाकून मोकळं. यंत्राला बढतीची आशा नसल्यामुळे त्याचं काम फार जलद आहे.

गेल्या वर्षी अठरा हजार चारशे बारा फोटोंवर पट्टी पडली. त्यांतल्या सदतीस प्रकरणांचा निकाल लागला. सदतिसांपैकी एकोणतीस फोटो मुळात लष्करी नव्हतेच, असं चौकशीअंती आढळून आलं (एकवीस बँडवाले, सहा बसकंडक्टर आणि दोनदा आमच्याच इमारतीचा पहारेकरी). पहारेकऱ्याने पट्टी काढून मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. तो विचाराधीन आहे. अर्जदार रोज दारात आम्हाला सलाम ठोकतो, त्यावरून उशिराबद्दल त्याची काही तक्रार नसावी.

दाढीचा फोटो आला तो या अठरा हजारांतला एक म्हणून. एक जवान, अंगात घरचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गालभर साबणाचा फेस. एका हातात रेझर, दुसऱ्या हातात काहीतरी काळं, चौकोनी. मागे भिंत, भिंतीवर रंगवलेली अर्धी पाटी, वर पाण्याची टाकी. बाजूला खिळ्याला लष्करी टोपी. टोपी नसती तर यंत्राने त्याला साधासुधा माणूस समजून सोडून दिलं असतं. पट्टी पडली. त्या पानावरची ती तिसरी होती, त्यामुळे पानही बंद झालं. सगळ्याला मिळून एक सेकंद लागला.

चौथ्या दिवशी एक बाई आल्या. शिवणकाम करणाऱ्या, हे सांगावं लागलं नाही. खांद्यावर मापाची टेप तशीच राहिली होती आणि बोलताना त्या समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी कॉलरकडे बघत. फोटोतला जवान त्यांचा धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेल्यामुळे यांनीच मशीनवर बसून त्याला वाढवलेला. चौदा महिन्यांपूर्वी तो आठ तारखेला बेपत्ता झाल्याचं लष्कराचं पत्र त्यांना आलं होतं. आणि फोटोत त्याच्या अंगात जो शर्ट होता तो त्यांनी शिवून पोस्टाने पाठवला होता. पोस्टाच्या पोचपावतीवर त्याच महिन्याची दहा तारीख होती.

पोचपावती त्यांनी लष्कराला आधीच दाखवली होती. पार्सल दुसऱ्या कोणीतरी घेतलं असेल, असं लष्कराचं म्हणणं पडलं. आता शर्ट अंगात दिसत होता आणि शर्टाच्या आत तोच होता. शर्ट कशावरून तोच, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या की पांढरा दोरा संपला म्हणून खिसा त्यांनी निळ्या दोऱ्याने शिवला होता. मी फोटो मोठा करून पाहिला. खिसा निळ्या दोऱ्याचा होता.

"आठ तारखेला नाहीसा झालेला माणूस दहा तारखेचा शर्ट घालून दाढी कशी करेल, दादा?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. पण तो आमच्या कक्षेत येत नव्हता. आमच्या एक्केचाळीस रकान्यांत फोटोत कोण आहे असा रकानाच नाही. रकाना नसल्यामुळे आजवर कधी अडलेलंही नाही.

बाईंचं काम मात्र आमच्याकडेच होतं. लष्कराची बेपत्ता शाखा नव्या पुराव्यावर शोध पुन्हा सुरू करते, पण ज्याची मालकी ठरलेली नाही असा फोटो ती पुरावा म्हणून हातात घेत नाही. आधी आमचा दाखला, मग त्यांची खिडकी. शिवाय दीड वर्षात नवा पुरावा आला नाही तर बेपत्ता माणसाची फाइल बंद होते. म्हणजे बाईंच्या हातात चार महिने होते. फोटो टाकणाऱ्या पानाला त्यांनी परस्पर निरोपही धाडला होता, हा फोटो तुम्हाला कुठून मिळाला म्हणून. तिकडून उत्तर आलं होतं: 'ताई, थांबा, सांगतो.' त्यानंतर ते पान दिसेनासं झालं. असं का झालं असावं, असं त्यांनी मला विचारलं. पान आम्हीच बंद केलं हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं. आमच्या कामाची दखल जनता घेत नाही, अशी साहेबांची नेहमीची तक्रार असते.

चौकशी सुरू झाली. काढणारा कोण, हा मुख्य मुद्दा. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तो स्वतःच काढतोय, आरशात बघून. मी ते फाइलवर नोंदवलं आणि पुढे लिहिलं: 'नातेवाइकाचं मत, ग्राह्य नाही.' नातेवाईक काय, काहीही सांगतात. चौकशी म्हटली की ती पहिल्यापासून आणि शास्त्रोक्तच व्हायला हवी.

हातातली काळी चौकोनी वस्तू लष्करी स्वरूपाची असण्याची शक्यता होती, म्हणून ती शस्त्र ओळख शाखेकडे पाठवली. तीन आठवड्यांनी अभिप्राय आला: 'सदर वस्तू मोबाईल असून ती धोकादायक आहे किंवा कसे, हे वापरणाऱ्यावर अवलंबून राहील.' भिंतीवरच्या पाटीची लिपी कोणालाच लागेना. ती तज्ज्ञांकडे गेली. एका तज्ज्ञाने ती नामशेष झालेली लिपी ठरवली, दुसऱ्याने तिचा 'येथे वाहने उभी करू नयेत' असा अनुवादही करून दिला. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात दोन पांढरे ठिपके हवेत लटकलेले होते. तेविसाव्या रकान्यात (आकाशातील वस्तू) आम्ही ते 'पॅराशूट, दोन, दूर अंतरावर' असे नोंदवले. त्या दिवशी कुठे पॅराशूट उतरले होते का, याची विचारणा हवाई दलाकडे केली. हवाई दलाने ते आपले नसल्याचं कळवलं आणि मग कोणाचे, अशी उलट विचारणा केली. त्यावरून दोन खात्यांत थोडी खळबळही उडाली.

शिवाय जवानाच्या पलटणीतल्या अकराशे चाळीस जणांना छापील पत्रं गेली: हा फोटो आपण काढला आहे काय? दोनशे चौदा उत्तरं आली. नऊ जणांनी काढल्याचं कबूल केलं (पैकी चार जणांनी फोटो पाहण्याआधीच). तिघांनी प्रत मागितली. एकाने, आपली रजा कधी मंजूर होणार, असं विचारलं. बाकीच्या दोनशे एक जणांनी आपल्याला काहीच माहीत नाही असं एकसारख्या शब्दांत लिहिलं, यावरून पलटणीची शिस्त दिसते.

बाई दर सोमवारी यायच्या आणि लिफ्टसमोरच्या बाकावर बसायच्या. सोबत काज-बटणांचं काम आणायच्या. पाचव्या सोमवारी त्यांनी साहेबांच्या कोटाचं लोंबणारं बटण न सांगता शिवून दिलं. साहेबांनी मोठ्या मनाने ते काम लाच समजायचं नाही असं ठरवलं.

सातव्या आठवड्यात साहेब हात धुवायला गेले होते. समोरच्या आरशावर त्यांच्या हातून साबणाचे दोन शिंतोडे उडाले आणि साहेब ओल्या हातांनीच धावत आले. पॅराशूट म्हणजे फेस होता. पाटी परकीय नव्हती, उलटी होती. फोटो आरशातला होता आणि जवान स्वतःच तो काढत होता. सगळ्यांनी उभं राहून साहेबांचं अभिनंदन केलं, ठराव झाला, प्रसिद्धीपत्रक निघालं. बाकावर बसलेल्या बाईंनी पुढचं काज करायला घेतलं. आनंदात माणसाला कधी कधी हातातलं कामच सुचतं.

पाटी सरळ करून वाचली तेव्हा तीवर '...खाना' एवढंच होतं. आधीचा भाग जवानाच्या खांद्याआड गेलेला. बाई पुटपुटल्या, "दवाखाना. कारखाना. छापखाना." मग जरा थांबून, "बंदिखाना." त्या भिंतीकडे आणि टाकीकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या भागातला कोणीही माणूस ही टाकी ओळखेल, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण भिंतीचा मालकीशी काही संबंध नसल्यामुळे आम्ही तो विषय तिथेच सोडला.

काढणारा सापडला म्हणजे चौकशी संपली, असं अडाणी माणसाला वाटेल. खरा प्रश्न आता पुढे आला: फोटो काढताना तो कामावर होता की नव्हता? सैनिकाने दररोज गुळगुळीत दाढी केलीच पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा दाढी हे काम. पण दाढी करताना फोटो काढावा असा नियम नाही. मग एकाच वेळी माणूस कामावर आहे आणि नाहीही. समितीच्या चार बैठका यावर झाल्या. पाचव्या बैठकीत साहेबांनी समितीसमोर प्रत्यक्ष दाढी केली. एका हाताने रेझर चालवत दुसऱ्या हाताने मोबाईल धरता येतो, पण दोन्हींकडे सारखं लक्ष राहत नाही, असं हनुवटीवरच्या दोन जखमांवरून सिद्ध झालं. तेव्हा समितीने एकमताने ठरवलं की दोन हातांचा विचार वेगवेगळा करावा.

सैनिक शपथ घेतो ती उजवा हात वर करून. म्हणजे उजवा हात सेवेत रुजू आहे आणि डावा हात, स्पष्ट आदेश नसेल तेव्हा, रजेवर आहे. इतका स्वच्छ निर्णय मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. मग फक्त सतरावा रकाना (कोणत्या हातात काय) बघायचा उरला. तिथे 'डाव्या हातात रेझर, उजव्या हातात काळी वस्तू' असं लिहिलेलं होतं. सेवेतल्या हाताने काढलेला फोटो सेवेचा. सेवेचा म्हणजे जनतेचा. प्रकरण मिटलं. शुक्रवारी दाखला द्यायचा असं ठरलं. तेव्हा बाईंच्या मुदतीतले सहा आठवडे शिल्लक होते.

मी स्वतः दाखल्याचा मसुदा घेऊन बाकापाशी गेलो. बाईंनी सुईला दोरा लावून ठेवला, हात पुसले आणि मसुदा वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीवर त्या थांबल्या. तिथे 'सदर डावखुरा जवान' असं होतं.

"तो डावखुरा नाही. हा आरसा आहे ना, दादा," त्या म्हणाल्या. "लष्कराच्या नोंदीत तो उजवा आहे. हे वाचून ते म्हणतील, हा तो नव्हेच."

त्यांचं बरोबर होतं. झालं असं होतं की सतरावा रकाना दुसऱ्या आठवड्यात भरला गेला, आरसा सापडला सातव्या आठवड्यात, आणि एकदा भरलेला रकाना उपसमितीच्या मान्यतेवाचून उघडता येत नाही. मी त्यांना दुरुस्तीचा अर्ज करायला सांगितलं. त्यांनी तो तिथल्या तिथे दिला. उपसमितीने अवघ्या नऊ दिवसांत रकाना उघडला, हात बदलले आणि शुद्धिपत्रक काढलं. ते टाइप होताना आमच्या लक्षात आलं की आता मोबाईल डाव्या हातात आहे आणि डावा हात रजेवर आहे. फोटो जनतेचा राहिला नाही, जवानाचा स्वतःचा झाला. चुकीचा दाखला त्यांना शुक्रवारी मिळाला असता. खरा मिळेना.

त्या दिवशी जेवताना मी बायकोला ही सगळी गंमत सांगितली. दोन हातांचा निर्णय, साहेबांची दाढी, शुद्धिपत्रक. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सापडला का तो?"

मी विचारलं, "कोण?"

ती उठून ताटं उचलायला लागली. बायकांना कामकाजातलं बारकाव्याने समजावून सांगणं कठीण असतं.

आता पुढची पायरी. फोटो जवानाच्या मालकीचा, तेव्हा दाखल्यासाठी मालकाची सही हवी. मालक जिवंत असेल तर त्याने समक्ष हजर राहून सही करावी. मालक हयात नसेल तर वारसाने करावी, सोबत मालक गेल्याचं लेखी निवेदन. बेपत्ता मालकासाठी तिसरा प्रकार नाही. (तो असावा म्हणून मी सहा वर्षांपूर्वी टिपण सादर केलं होतं. ते टिपण सापडत नाही.) थोडक्यात, जवान जिवंत असल्याचा पुरावा म्हणून फोटो वापरायचा, तर आधी जवानाला आणून उभा करणं भाग होतं. तो उभा राहिला असता तर फोटोची गरज उरली नसती. नियमाची ही बाजू फार सुबक आहे. ती कोणी मुद्दाम शिवलेली नाही, आपोआप जुळून आली आहे.

बाईंची मुदत संपायला अकरा दिवस होते. मला त्यांची दया आली. माझ्यासारख्या माणसाला दया आली की तो सोपा मार्ग सुचवतो. मी वारसाचा फॉर्म काढला आणि रेघा मारून जिथे सह्या हव्यात तिथे फुल्या केल्या.

"म्हणजे तो गेला, असं मी लिहून द्यायचं?" बाईंनी विचारलं.

"फक्त हक्कापुरतं, ताई."

"हक्कापुरता गेला."

"हो. बाकी बाबतींत आपल्याला काय समजायचं ते समजायला मोकळीक आहे."

त्यांनी फॉर्म दोन वेळा वाचला. खिशावरचा तो निळा दोरा फोटोत पुन्हा एकदा पाहिला. मग विचारलं की याने दाखला नक्की मिळेल ना. मी म्हणालो, आजच्या आज. त्यांनी सही केली. आयुष्यभर सरळ शिवण घातलेल्या त्या हाताची सही रेघेवरून घसरत खाली आली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी घोटभर पाणी प्यायलो. पण शिक्का मी सरळ मारला, कारण शिक्का तिरका पडला तर फॉर्म बाद होतो आणि त्यांना पुन्हा सही करावी लागली असती.

आमच्याकडे भरलेल्या प्रत्येक फॉर्मची एक प्रत लगोलग सगळ्या संबंधित शाखांना जाते. या बाबतीत आमचा हात कोणी धरू शकणार नाही. बाई दाखला घेऊन बसने बेपत्ता शाखेच्या खिडकीशी पोचल्या, त्याआधी आमची प्रत तिथे पोचलेली होती.

संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी त्या परत आल्या आणि बाकावर बसल्या. मी विचारलं, झालं का काम?

"फोटो चालतो म्हणाले. एकदम बिनचूक आहे म्हणाले," त्या सांगू लागल्या. "पण शोधायचं कोणाला, असं विचारलं. माझीच सही दाखवली मला. गेलेल्या माणसाला बेपत्ता कसं म्हणायचं, असं म्हणाले. त्यांनी फाइल माझ्यासमोर बंद केली, दादा. चौदा महिने ती उघडायला कोणाला वेळ नव्हता."

खरं म्हणजे तोवर अठरा महिने होत आले होते. पण मी दुरुस्ती सुचवली नाही. निवेदन मागे घेता येईल का, असं त्यांनी विचारलं. येतं. त्यासाठी मालकाने समक्ष हजर राहून आपण हयात असल्याची सही करावी लागते.

त्यांनी हातातला दाखला पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी विचारलं, "आता हा फोटो माझा आहे ना?" मी म्हणालो, संपूर्णपणे. "मग मी तो कोणालाही देऊ शकते?" मी म्हणालो, अगदी सगळ्यांना. तसा फॉर्मच आहे, मुक्त वापराचं संमतिपत्र. त्यांनी तो मागून घेतला आणि उभ्या उभ्या भरला. हजारो लोकांच्या हातात फोटो गेला तर त्यांतला एक तरी ती टाकी ओळखेल, असा त्यांचा हिशेब होता. फॉर्मच्या तळाशी 'अटी' असा रकाना आहे. तिथे त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं: 'मागची भिंत कापू नका. कोणी ओळखली तर मला सांगा.' खाली आपला फोन नंबर.

मुक्त वापराला अट घालता येत नाही. घातली तर तो मुक्त राहत नाही. रकाना आहे तो रिकामा सोडण्यासाठी आहे. मी अट आणि नंबर दोन्ही लाल शाईने खोडले, बाजूला सही केली आणि पट्टी काढण्याचा आदेश दिला. (बंद झालेलं पान पुन्हा उघडण्याचा फॉर्म नाही, त्यामुळे ते बंदच राहिलं.)

फोटो वाऱ्यासारखा पसरला. आमच्या कक्षाच्या इतिहासात असं यश कोणत्याच फोटोला मिळालेलं नाही. पहिल्या आठवड्यात अकरा लाख वेळा तो या हातातून त्या हातात गेला. 'शहीद होण्याआधीची शेवटची दाढी' असा मजकूर कोणीतरी घातला आणि मग तर विचारू नका. शेवटची म्हणजे कधीची, शहीद म्हणजे कुठे, या तपशिलात कोणी शिरलं नाही. मागची भिंत बरीचशी मोकळी, फिक्या रंगाची, वर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहायला अगदी सोयीची. बऱ्याच जणांनी तीवर सुप्रभात लिहिलं. एका रेझर बनवणाऱ्या कंपनीने चेहरा तेवढा घेतला. ज्यांना ओळी सुचल्या नाहीत त्यांनी फोटो चौकोनात बसावा म्हणून टाकीपासून वरचा भाग कापला.

आम्ही नमुन्यादाखल पाचशे प्रती तपासल्या. तीनशे बारा प्रतींत भिंत कापलेली होती. एकशे एक्क्याऐंशी प्रतींत ती मजकुराखाली गेली होती. सात प्रती अखंड होत्या. त्या सातही बाईंनी स्वतः टाकलेल्या निघाल्या. भिंतीबद्दल विचारणा करणारं पत्र आमच्याकडे आजपर्यंत एकच आलं. पत्रलेखकाला त्या भिंतीचा रंग कोणत्या कंपनीचा, हे हवं होतं.

बाई अजून सोमवारी येतात. त्यांचं आमच्याकडे आता काहीच काम उरलेलं नाही, तरी येतात, काज-बटणं करतात आणि बाकावर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला तुमच्याकडे आलेला फोटो अखंड आहे का, असं विचारतात. लोक मोबाईल काढून दाखवतात. फोटो प्रत्येकाकडे असतो.

आपल्याकडेही असेल. आपण त्याखाली हात जोडले असतील, छाती भरून आली असेल, मग दहाबारा जणांना तो पाठवून आपण चहा घेतला असेल. आता हे सगळं वाचून आपल्या हातून काही नियमभंग तर झाला नाही ना, अशी रुखरुख एखाद्या कायदेभीरू वाचकाला लागण्याचा संभव आहे. त्याच्या समाधानासाठी कक्षातर्फे कळवण्यात येतं की असं काहीही झालेलं नाही. अट आम्ही वेळीच खोडली होती. हा फोटो हवा तसा कापायला, हवं ते लिहायला आणि हव्या त्या माणसाला पाठवायला आपल्याला कोणाचीही परवानगी लागत नाही. त्यासाठी जे एक मरण लागत होतं, ते रीतसर नोंदवून घेतलेलं आहे.